धुक्याच्या वाटेवर तापणारे आरसे

पुणे-सोलापूर महामार्गावर हिवाळ्यातील पहाटे, विशेषतः उजनी जलाशयालगतच्या भागात, अनेकदा धुके दाटते. साखर कारखान्यांचा गळीत हंगामही याच दिवसांत असतो. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर दिसली, की मोटार उजवीकडे घ्यावी लागते. आणि नेमका तेव्हाच उजवा आरसा दवाने आंधळा झालेला असतो.

काही मोटारींत यासाठी तापणारे आरसे असतात. काचेमागे विजेवर तापणारा पातळ पत्रा चिकटविलेला असतो. काच कोमट झाली, की दव व पावसाचे बारीक तुषार काही मिनिटांत वाळतात. त्याचे बटण बहुधा वेगळे नसते. मागची काच तापविणारे, तीन नागमोडी बाणांची खूण असलेले बटण दाबले, की आरसेही तापू लागतात. अनेक मोटारींत ते ठरावीक वेळेने आपोआप बंद होते, म्हणून धुके कायम असल्यास पुन्हा दाबावे. इंजिन मात्र सुरू हवे. नाहीतर बॅटरी उतरते.

मुसळधार पावसात या सोयीचा फारसा उपयोग नाही. दाराच्या काचेवर आतून वाफ धरली असेल, तर ती वातानुकूलन यंत्रानेच काढावी लागते.

आरसा फुटल्यावर स्वस्तातली साधी काच बसविली, तर ही सोय कायमची जाते. नव्या काचेमागे तारा जोडण्याची दोन टोके आहेत ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. ज्यांच्या मोटारीत ही सोय नाही, त्यांनी निघण्यापूर्वी आणि वाटेत चहाला थांबल्यावर कोरड्या सुती फडक्याने दोन्ही आरसे पुसावेत.