पटावर राणी नव्हती, तेव्हाची गोष्ट

रात्री जेवणं झाली की आपण मोबाइल उघडतो आणि खोट्या लढाया लढतो. आजचा भाग तसल्याच एका लढाईचा आहे, पण फार जुन्या. बुद्धिबळाचा. आणि त्यात १७ वर्षं गाजवून, वयाच्या तिशीत निवृत्त झालेल्या एका मराठी खेळाडूचा. नाव रोहिणी खाडिलकर.

आधी आपला मराठी पट आठवून बघा. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादी. युरोपात वजिराची राणी झाली, आपल्याकडे तो वजीरच राहिला. म्हणजे पटावर बाई नाहीच. आणि १९७६ पर्यंत राष्ट्रीय 'पुरुष' स्पर्धेत पटासमोरच्या खुर्चीवरही नव्हती.

रोहिणीताईंचा जन्म १९६३ चा, मुंबईचा. वडील 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर. घरात तीन बहिणी आणि तिघीही पटाच्या वेड्या. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली आणि ती जिंकली थोरल्या वासंती यांनी. पुढच्या वर्षी मधल्या जयश्री जिंकल्या. १९७६ मध्ये धाकटीचा नंबर लागला. रोहिणी तेव्हा अवघी १३ वर्षांची होती. एकाच घरात सलग तीन विजेत्या! त्यानंतरही बरीच वर्षं हे विजेतेपद खाडिलकरांच्या घराबाहेर फारसं गेलंच नाही.

पण मग अडचण काय होती? अडचण अशी, की बुद्धिबळात माणूस वाढतो तो आपल्यापेक्षा तगड्या खेळाडूशी खेळून. हरतो, डाव पुन्हा मांडतो, चूक शोधतो, परत बसतो. त्या काळी भारतात ग्रँडमास्टर एकही नव्हता. पहिले ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद, तेही १९८८ मध्ये. देशातले जे काही सगळ्यात बळकट खेळाडू होते, ते पुरुषांच्या स्पर्धेत. मुलींनी घरातल्या घरात कितीही डाव जिंकले, तरी वरची पायरी बंद.

१९७६ मध्येच ही १३ वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. देशातली पहिलीच. आणि मोठा गदारोळ झाला. ज्या खेळात अंगाच्या ताकदीचा संबंधच नाही, तिथे मुलगी चालेल का यावर वाद! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स युवे होते, स्वतः माजी जगज्जेते. त्यांनीही स्पष्ट केलं की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना अडवता येणार नाही. स्पर्धेत रोहिणीनं तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं, ते वेगळंच.

पुढचा आलेख भराभर सांगतो. राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा, त्यातली पहिली तीन सलग. १९८० चा अर्जुन पुरस्कार. १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई विजेतेपद, १२ पैकी साडेअकरा गुण! एकही डाव न हरता. त्याच वर्षी वुमन इंटरनॅशनल मास्टर हा किताब. १९८३ मध्ये क्वालालंपूरला पुन्हा आशियाई विजेतेपद.

आणि १९९३ मध्ये निवृत्ती. आज तिशीतला बुद्धिबळपटू म्हणजे भर उमेदीतला. पण रोहिणीताई पट सोडून पुन्हा विद्यार्थी झाल्या. पत्रकारिता शिकल्या, छपाईचं तंत्र शिकल्या आणि १९९८ मध्ये 'संध्याकाळ' या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या.

आता एक योगायोग बघा. ज्या वर्षी रोहिणी पुरुषांसमोर बसली, त्याच १९७६ मध्ये तिकडे बुडापेस्टला जुडित पोल्गार जन्मली. जुडित पुरुषांमध्येच खेळत वाढली आणि १९९१ मध्ये, १५ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. आपल्याकडे हा किताब मिळवणारी पहिली स्त्री कोनेरू हंपी, २००२ मध्ये. आणि २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला त्याच हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आपल्या विदर्भाच्या, नागपूरच्या दिव्या देशमुखनं. वय १९. त्या विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली.

रोहिणीताई स्वतः ग्रँडमास्टर झाल्या नाहीत. नुसते किताब मोजले तर आजच्या मुली त्यांच्या पुढे आहेत. पण त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चाल आकड्यांत येत नाही. ती होती १३ व्या वर्षी त्या खुर्चीवर जाऊन बसणं, आणि 'ऊठ' म्हटल्यावर न उठणं.

बुलडाण्यात, खामगावात, चिखलीत, मेहकरात कुणी पोरगी बुद्धिबळ खेळत असेल, तर तिला हा भाग नक्की ऐकवा. स्पर्धेच्या फॉर्मवर 'खुला गट' असं छापलेलं असतं ना? तो गट आपोआप खुला झालेला नाही. भेटू पुढच्या भागात!