हुबेहूब

मुलगा हुबेहूब वडिलांसारखा दिसतो, चित्र हुबेहूब उतरले आहे, असे आपण सहज म्हणतो. 'हुबेहूब' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्यातला 'हू' मूळचा अरबी, अर्थ 'तो'. तेव्हा 'हू-ब-हू' म्हणजे 'तो तोच'. गंमत अशी की, जी वस्तू खरोखर तीच आहे तिला आपण हुबेहूब म्हणत नाही. शब्दाचा अर्थ 'एकच', पण तो वापरायला वस्तू दोन लागतात : एक अस्सल आणि दुसरी तिच्याशी ताडून पाहायची.

मग अस्सलच बदलत असेल तर? छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत हा प्रश्न उभा राहिला. तेथील चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. गिलावा सुटतो, रंग उडतात. म्हणून त्यांच्या नकला करून ठेवण्याचे ठरले. १८४४ मध्ये हे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे आले. त्याने वर्षानुवर्षे खपून तैलरंगात नकला केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा कामाला लागले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. दरम्यान, चित्रे नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढवले गेले. ते पुढे पिवळे पडले. नक्कल हुबेहूब व्हावी या खटाटोपात अस्सलच बदलले!

आज काही ठिकाणी भिंतीवरचा भाग गेला आहे आणि त्याची नक्कल मात्र उरली आहे. ती हुबेहूब आहे का? थेट ताडून पाहणे आता शक्य नाही. पण त्याच चित्रकाराने केलेली, अजून टिकून असलेल्या भागाची नक्कल आपण भिंतीशी ताडू शकतो. जुनी छायाचित्रे आणि इतरांच्या नकलाही पाहू शकतो. त्यावरून त्याच्या हातावर किती विश्वास ठेवायचा, याचा अंदाज बांधता येतो.

विज्ञानालाही हीच अडचण आली. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजेच एक किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या गेल्या. आपली ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. सुमारे १९९० मध्ये तुलना केली तेव्हा अनेक प्रती आणि मूळ दंडगोल यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला. प्रती जड झाल्या, की मूळ हलके झाले? वजन करून हे सांगता येईना. व्याख्येप्रमाणे तर मूळ चुकूच शकत नव्हते! अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बेतली गेली.

म्हणून 'हुबेहूब' म्हणताना तीन प्रश्न विचारावेत : कशाशी, कोणत्या बाबतीत आणि किती फरकापर्यंत? भूमितीत ही शिस्त आहे. एक त्रिकोण खडूने काढलेला आणि दुसरा पेन्सिलीने काढलेला असला, तरी बाजू आणि कोन जुळले की ते एकरूप. रंगाचा तेथे विचारच नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांच्या पट्ट्या एकमेकींना लावून तीस सेंटिमीटरच्या खुणा जुळतात का, ते पाहायला सांगा. फरक निघाला, तर चूक कोणत्या पट्टीची हे त्यांनाच ठरवू द्या.