डोंगर सर्वांचा कसा होतो? : न्यू इंग्लंडच्या तीन पर्वतीय उद्यानांची वाट

डोंगर ही निसर्गाची निर्मिती असली, तरी ‘सर्वांचा डोंगर’ ही इतिहासाची निर्मिती असते. कुणा एकाच्या किंवा एखाद्या कंपनीच्या मालकीचा डोंगर सर्वांचा व्हायचा, तर त्यासाठी कायदा लागतो, पैसा लागतो. पण त्याही आधी एक गोष्ट घडावी लागते. तो डोंगर कधीही न पाहिलेल्या माणसाच्या मनात ‘हा गेला तर माझे काही जाईल’ अशी भावना रुजावी लागते. ही भावना रुजवण्यात वाङ्मयाचा वाटा किती, आणि ती रुजत असताना कुणाचा हक्क पुसला जातो, हे दोन प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्यासारखे आहेत. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील एका वाटेच्या आधाराने त्यांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

ही वाट न्यू हॅम्पशायर राज्यातील क्रॉफर्ड खिंडीत सुरू होते, पश्चिमेच्या फ्रँकोनिया खिंडीकडे वळते, आणि नंतर पूर्वेला मेन राज्यात शिरून कटाडिन पर्वताच्या पायथ्याशी संपते. तिन्ही ठिकाणी ‘स्टेट पार्क’ आहेत, म्हणजे केंद्र सरकारच्या नव्हे, तर त्या त्या राज्याच्या मालकीची उद्याने. दिवसा डोंगर चढावा, संध्याकाळी मोटारीने पुढचा टप्पा गाठावा, रात्री तंबूत काढावी, असा पाच-सहा दिवसांचा हा प्रवास तिकडचे पदभ्रमणकर्ते हौसेने करतात. हीच तिन्ही ठिकाणे पायी जोडणारी एक वाटही आहे : अ‍ॅपलाचियन ट्रेल. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीच्या या पायवाटेची कल्पना बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञाने १९२१ साली वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकातील निबंधात मांडली आणि १९३७ साली ती वाट पूर्ण झाली. एका निबंधातून चौदा राज्यांना जोडणारी वाट निघावी, ही घटना निबंध या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशीच आहे.

क्रॉफर्ड खिंडीची कीर्ती मात्र एका दुर्घटनेतून सुरू झाली. २८ ऑगस्ट १८२६ च्या रात्री अतिवृष्टीने येथील कडा कोसळला. खिंडीत प्रवाशांसाठी उतारशाळा चालवणारे विली कुटुंब, म्हणजे आईवडील आणि पाच मुले, तसेच त्यांचे दोन गडी असे नऊ जण दरडीखाली सापडून मृत्यू पावले. ते जीव वाचवण्यासाठी घराबाहेर धावले होते. घरामागच्या खडकामुळे दरड दुभंगली, दोन्ही बाजूंनी निघून गेली, आणि घर जसेच्या तसे उभे राहिले. घरात थांबले असते तर वाचले असते, या विचाराने त्या काळच्या अमेरिकेला पछाडले. वृत्तपत्रे, प्रवचने, कविता यांतून ही खिंड देशभर पोहोचली. नॅथॅनिएल हॉथॉर्न १८३२ साली येथे आला आणि ‘द अँबिशस गेस्ट’ ही त्याची कथा १८३५ साली प्रसिद्ध झाली. कथेत हॉथॉर्नने एका अनोळखी तरुणाची भर घातली. कीर्तीची आकांक्षा बाळगणारा हा पाहुणा त्या रात्री त्या कुटुंबासोबत गाडला जातो, आणि तो तेथे होता हेदेखील जगाला कळत नाही. पुढे १८३९ साली चित्रकार टॉमस कोल याने हीच खिंड रंगवली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हॉथॉर्नच्या कथेत डोंगर हा मानवी नियतीचा दृष्टान्त म्हणून येतो. त्याचे स्वतःचे असे काही नसते. तरीही त्या दृष्टान्ताने खिंडीला एक अर्थ दिला, आणि अर्थ लाभलेल्या जागेकडे माणसे येऊ लागली. एबल क्रॉफर्ड आणि ईथन अ‍ॅलन क्रॉफर्ड या पितापुत्रांनी १८१९ सालीच येथून उंच शिखरांकडे जाणारी पायवाट काढली होती. ती आजही वापरात आहे. १८७५ साली खिंडीतून रेल्वे गेली आणि प्रवाशांची वर्दळ वाढली.

याच काळात दुसरी प्रक्रियाही चालू होती. १८६७ साली न्यू हॅम्पशायरने या पर्वतराजीतील आपल्या उरल्यासुरल्या सार्वजनिक जमिनी विकून टाकल्या. लाकूड कंपन्या आल्या, उतार बोडके झाले, तोडीनंतर उरलेल्या फांद्यांना आगी लागू लागल्या. १९०१ साली वनरक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली, आणि १९११ साली ‘वीक्स कायदा’ संमत होऊन केंद्र सरकारला पूर्वेकडील खाजगी वनभूमी विकत घेण्याचा मार्ग मोकळा झाला. या कायद्याची भाषा लक्षणीय आहे. डोंगर सुंदर आहे म्हणून तो विकत घ्यावा, असे म्हणण्याची सोय संविधानात नव्हती. म्हणून नौकानयनयोग्य नद्यांच्या प्रवाहाचे रक्षण हे कारण द्यावे लागले. माणसे आली होती कथा-चित्रांतील डोंगर वाचवायला, आणि बोलावे लागले पाण्याविषयी. क्रॉफर्ड खिंडीतील जमीन राज्याने १९१३ साली विकत घेतली.

फ्रँकोनिया खिंडीची कथा याहून बोलकी आहे. येथील कड्यावर, खालच्या तळ्यापासून सुमारे बाराशे फूट उंचीवर, पाच ग्रॅनाइटच्या थरांतून माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू दिसत असे. त्याचे नाव ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’. हॉथॉर्नची ‘द ग्रेट स्टोन फेस’ ही कथा या चेहऱ्यावरूनच सुचलेली. ती १८५० साली वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल इरा’ या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात प्रथम प्रसिद्ध झाली. ‘अंकल टॉम्स केबिन’ क्रमशः छापणारे साप्ताहिक ते हेच. डोंगरावरच्या चेहऱ्यासारखा दिसणारा थोर पुरुष या खोऱ्यात येईल, अशी भविष्यवाणी असते. धनिक येतो, सेनापती येतो, राजकारणी येतो, कवी येतो. पण साम्य आढळते ते आयुष्यभर त्या चेहऱ्याकडे पाहत साधेपणाने जगलेल्या गावकऱ्यात. दर्शनाने द्रष्टा घडतो, हे या कथेचे सूत्र.

१९२३ साली खिंडीतले मोठे हॉटेल जळाले. मालकांनी ते पुन्हा न बांधता भोवतालची सुमारे सहा हजार एकर जमीन विक्रीस काढली. लाकूड कंपन्यांच्या हाती ती जाणार, हे उघड दिसत होते. किंमत चार लाख डॉलर. त्यांतील दोन लाख राज्याने मंजूर केले, एक लाख बॉस्टनचे सावकार जेम्स स्टॉरो यांच्याकडून आले, आणि उरलेल्या लाखासाठी वनरक्षण संस्था व महिला मंडळे लोकांकडे गेली. एका डॉलरला एक झाड ‘विकत घ्या’, असे आवाहन होते. हजारो लोकांनी पैसे दिले आणि १९२८ साली उद्यान लोकार्पण झाले. डॉलर देणाऱ्यांपैकी किती जणांनी ती कथा वाचली होती, हे मोजता येणार नाही. पण शाळेच्या पुस्तकांतून ती दोन-तीन पिढ्यांच्या हाती गेली होती, आणि पाहण्याआधीच ओळखीच्या झालेल्या चेहऱ्यासाठी माणसे पैसे देत होती.

हा चेहरा टिकवण्यासाठी १९१६ पासून त्याला लोखंडी दांड्यांनी बांधून ठेवले जात होते. १९८८ साली पूर्ण झालेला महामार्गही या खिंडीत शिरताना मुद्दाम अरुंद ठेवला गेला; दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका, कारण सुरुंगांच्या हादऱ्यांची भीती होती. अखेर ३ मे २००३ रोजी पहाटेच्या सुमारास तो कोसळला. २०११ साली तळ्याकाठी काही पोलादी खांब उभारण्यात आले. आपल्या उंचीनुसार ठरलेल्या जागी उभे राहून खांबाच्या टोकाकडे पाहिले, की त्यावरच्या उंचवट्यांची रेघ कड्याच्या रिकाम्या जागेशी जुळते आणि चेहरा पुन्हा ‘दिसतो’. संहिता आणि वाचक यांच्यातील नाते वर्गात समजावून सांगताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

येथून पूर्वेला मेन राज्यात शिरले, की अरण्य दाट होत जाते आणि हॉथॉर्नची जागा थोरो घेतो. ‘वॉल्डन’ दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणल्यामुळे थोरो आपल्याला तळ्याकाठचा चिंतक म्हणून परिचित आहे. कटाडिनवरचा थोरो निराळा आहे. १८४६ साली, वॉल्डनकाठी राहत असतानाच, तो हा पर्वत चढावयास गेला. ढगांनी वेढल्यामुळे त्याला सर्वोच्च माथा गाठता आला नाही. १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रवासवर्णनात हॉथॉर्नचा बोधपर डोंगर कुठेच नाही. माणसासाठी न घडवलेले, माणसाची दखलही न घेणारे जड द्रव्य पाहून थोरो अक्षरशः हादरतो. आणि १८५८ साली, मेनच्याच अरण्यावरील दुसऱ्या लेखाच्या शेवटी, राष्ट्राने अशी अरण्ये राखून का ठेवू नयेत, असा प्रश्न तो विचारतो. यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान त्यानंतर चौदा वर्षांनी, १८७२ साली झाले.

कटाडिन सार्वजनिक झाला तो एका माणसाच्या हट्टामुळे. पर्सिव्हल बॅक्स्टर १९२१ ते १९२५ या काळात मेनचे गव्हर्नर होते. कागद कंपनीच्या ताब्यातील हा पर्वत राज्याने घ्यावा, अशी त्यांची मागणी विधिमंडळाने मानली नाही. पदावरून उतरल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशाने ५,९६० एकर जमीन २५,००० डॉलरना विकत घेतली आणि १९३१ साली राज्याला दिली. पुढे १९६२ पर्यंत ते तुकड्या-तुकड्यांनी जमीन घेत आणि देत राहिले. एकूण दान दोन लाख एकरांहून अधिक झाले. दानाची अट होती की ही भूमी कायम नैसर्गिक, रानटी अवस्थेत ठेवावी, वन्य प्राणिपक्ष्यांना तेथे अभय असावे, आणि मोटारींसाठी नवे रस्ते काढू नयेत. नंतरच्या काही तुकड्यांवर शिकारीला व शास्त्रीय वनव्यवस्थापनाला सवलत त्यांनी स्वतःच दिली. पण मूळ शब्द राज्याला आजही बांधून आहेत. उद्यानात वीज नाही, रस्ता कच्चा आहे, आणि वाहनतळ भरले की पुढच्या मोटारींना त्या वाटेवर प्रवेश नसतो.

हे दानपत्र साहित्याच्या विद्यार्थ्याने ‘कटाडिन’शेजारी ठेवून वाचावे. थोरोला जो डोंगर भयचकित अनुभवात भेटला, माणसासाठी नसलेला डोंगर, तोच येथे कायद्याच्या कोरड्या वाक्यांत उतरला आहे. क्रॉफर्ड आणि फ्रँकोनिया माणसांना काही सांगतात म्हणून वाचले. कटाडिन माणसाशी त्याला काही देणेघेणे नसतानाही राखला गेला. अवघ्या शंभर वर्षांत झालेला हा संवेदनांतर आहे.

पण वाट येथे थांबवता येत नाही. हॉथॉर्नने याच श्वेतपर्वतांवरील एका रेखाचित्रात मूलनिवासींच्या कथांविषयी आपल्याला वाटणारी नावड उघडपणे नोंदवली आहे. अबेनाकी लोक ज्या शिखराला अगिओकोचूक म्हणत, ते वाचकांना ‘माउंट वॉशिंग्टन’ म्हणूनच ठाऊक झाले. थोरोचे तसे नाही. नंतरच्या दोन प्रवासांत, १८५३ साली जो एटिऑन आणि १८५७ साली जो पोलिस, हे पेनॉब्स्कॉट वाटाडे त्याच्यासोबत होते. पोलिसकडून तो स्थळनामे, वनस्पतींचे उपयोग, शब्द टिपून घेतो. कटाडिन हा पेनॉब्स्कॉटांचा पवित्र पर्वत. माथ्यावर पामोला या शक्तीचा वास आहे आणि तेथे चढणे तिला रुचत नाही, ही त्यांची श्रद्धाही तो नोंदवतो. म्हणजे डोंगराला माणसापासून दूर ठेवण्याची कल्पना बॅक्स्टरच्या दानपत्राच्या पुष्कळ आधीची आहे. मात्र दानपत्रात जमिनीची मालकी कंपनीकडून दात्याकडे व दात्याकडून राज्याकडे जाते. त्याआधीचे पान नाही. ते पान १९७० च्या दशकात न्यायालयात उघडले गेले. केंद्राच्या संमतीवाचून झालेले जुने करार अवैध आहेत, असे म्हणत पासमाक्वॉडी आणि पेनॉब्स्कॉट जमातींनी मेनच्या सुमारे दोन-तृतीयांश भूमीवर दावा सांगितला. १९८० साली ८ कोटी १५ लाख डॉलरच्या तडजोडीने तो मिटवण्यात आला.

तेव्हा ‘सर्वांचा’ या शब्दाकडे सावधपणे पाहावयास हवे. वाङ्मयाने डोंगर सर्वांचा केला, हे या तीन उद्यानांच्या इतिहासात दिसते, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कथा नसत्या, तर एका झाडासाठी डॉलर कुणी दिला असता, असे वाटत नाही. पण हे ‘सर्व’ कोण, हे ती कथा कुणी सांगितली आणि कुणी वाचली यावर ठरले. आपल्या अभ्यासक्रमात हॉथॉर्नची कथा असते, कधी थोरोचा उताराही असतो. त्यांच्या जोडीला दानपत्र आणि तडजोडीचा कायदाही वाचला जावा. निसर्गविषयक साहित्याचा इतिहास हा जमिनीच्या हक्काचाही इतिहास असतो, हे विद्यार्थ्याला मग निराळे सांगावे लागणार नाही.