कारकुनाचा कॅमेरा

बँकेतल्या कारकुनांनी जगाच्या इतिहासात काय केलं, असा प्रश्न आमची ही अधूनमधून विचारते. सहसा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. आता माझ्यापाशी उत्तर आहे. बँकेतल्या कारकुनाने फोटोग्राफी घरोघर पोचवली. त्याचं नाव जॉर्ज ईस्टमन. १८७४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो अमेरिकेतल्या रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत चिकटला आणि सात वर्षं खर्डेघाशी करत राहिला.

हे ज्ञान मला झालं ते आमच्या शाखेतल्या चोवीस वर्षांच्या ऑफिसरमुळे. (ऑफिसर असून तो मला काका म्हणतो, आणि कारकून असून मी त्याला अरेतुरे करतो. बाकी सगळं नियमाप्रमाणे आहे.) याच्या खिशातल्या फोनमध्ये आठ हजार फोटो. तरी एक दिवस मला म्हणतो कसा, "काका, तुमच्याकडे जुना रोलचा कॅमेरा पडून असेल तर द्या ना!"

माळ्यावर वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला तयार झालेला. एका रोलमध्ये फोटो बारा. बाहेर ऊन आहे की ढग, एवढंच विचारणारा साधा, सज्जन कॅमेरा. तो पुसता पुसता या सगळ्याच्या मुळाशी कोण, म्हणून वाचायला बसलो, तर आपल्याच जातकुळीतला माणूस निघाला.

ईस्टमनने सुट्टीत सांतो डोमिंगोला जायचं ठरवलं होतं. सोबतच्याने सुचवलं, फोटो काढून आण. झालं, याने सामान विकत घेतलं. त्या काळी फोटो म्हणजे काचेवर रसायन ओतायचं, काच ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि ओली आहे तोवरच धुवायची. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर तिकाटणं, बाटल्या, काचा आणि अंधाराला चक्क एक तंबू! हे शिकायला त्याने पाच डॉलर मोजले, आणि सांतो डोमिंगोला काही गेलाच नाही. एल.टी.सी. घेऊन घरी बसणारे कारकून मी पाहिले आहेत. पण ते निदान बिलं तरी सादर करतात.

मग दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात कोरड्या काचांचे प्रयोग. १८८१ साली बँकेत वरची जागा रिकामी झाली. ती याला न मिळता एका संचालकाच्या नातेवाइकाला मिळाली, आणि ईस्टमनने राजीनामा दिला. हा मजकूर मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवला. कॅश डिपार्टमेंटने डबे उघडे ठेवून ऐकला.

१८८८ साली त्याचा कोडॅक आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा, सोबत १० डॉलर. फोटो धुऊन, कॅमेऱ्यात नवी फिल्म भरून परत. तुम्ही नुसतं बटण दाबा, बाकीचं आमच्याकडे लागलं, अशी जाहिरातच होती. १९०० साली तर एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढून त्याने पोरांच्या हातातही दिला.

पुढे १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनियरने फिल्मशिवायचा कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! कंपनीचा धंदा फिल्मचा, तिला हे अपत्य कसं रुचावं? २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. एक्टाक्रोम ही त्यांची नावाजलेली फिल्मही त्याच वर्षी बंद झाली. गंमत म्हणजे २०१८ साली ती परत बाजारात आली, आणि २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा कोरा करकरीत नवा कॅमेरा काढला. गिऱ्हाईक कोण? आमचे हे ऑफिसर. एका कारकुनाने जन्मभर जी कटकट लोकांच्या डोक्यावरून उतरवली, ती हे लोक पैसे मोजून पुन्हा डोक्यावर घेतायत.

मी हसणारच होतो. पण मग जुना आल्बम काढला.

वडील ते बारा फोटो कॅशसारखे मोजत. अकरा झाले की बारावा गणपतीसाठी राखून ठेवायचा. त्यामुळे एकाच रोलवर दिवाळी, मावसभावाची मुंज आणि गौरी. बटण दाबण्याआधी वडील आम्हाला श्वास रोखायला लावत आणि स्वतःच इतका वेळ रोखत, की आईला काळजी वाटे. सबंध आल्बममध्ये वडिलांचा फोटो एकही नाही. कॅमेरा त्यांचा, मग काढणार कोण? आम्ही मागितला तर म्हणत, "रोल फुकट जाईल."

एका फोटोत मात्र आहेत. सूर्य पाठीशी घ्यायचा हा त्यांचा नियम. अंगणात आम्ही तिघं भावंडं डोळे बारीक करून उभी, आणि आमच्या पायांपर्यंत आलेली एक लांबलचक सावली. मान थोडी वाकलेली, दोन्ही कोपरं बाहेर. त्या वेळी वडील हळहळले होते. एक फोटो वाया गेला म्हणाले.

सोमवारी मी कॅमेरा नेऊन दिला. पोराने रोल पैदा केला होता. त्याच्या किमतीत आमच्याकडे आठवड्याची भाजी येते. दुपारी मला बँकेच्या दारात उभं करून, सूर्य पाठीशी घेऊन, तो पहिला फोटो काढायला लागला. त्याची सावली माझ्या चपलांपाशी येऊन थांबली होती.

"काका, नीट येतंय ना सगळं?"

"येतंय," मी म्हटलं, आणि श्वास रोखला.