रेणवीय संवाहकांतील चुंबकत्व व अतिसंवाहकता

कार्बनी रेणूंपासून बनलेल्या विद्युत् संवाहक स्फटिकांतील या दोन आविष्कारांचा परस्परसंबंध. हायके कामर्लिंग ऑनेस यांनी १९११ मध्ये पाऱ्यातील अतिसंवाहकता शोधून काढली. प्रबल चुंबकीय क्षेत्रात अतिसंवाहकता नाहीशी होते, हेही त्यांनाच पुढे आढळले. जॉन बार्डीन, एल. एन. कूपर व जे. आर. श्रीफर यांच्या १९५७ मधील सिद्धांतानुसार अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात व जोडीतील दोघांची परिवलने परस्परविरुद्ध असतात. चुंबकीय क्षेत्र ती एकाच दिशेस वळवू पाहते व जोडी मोडते. साहजिकच चुंबकीय अणू हे अतिसंवाहकाला विषासमान मानले जात.

कार्बनी पदार्थांत सर्वसाधारण तापमानासही अतिसंवाहकता शक्य आहे, असे भाकीत डब्ल्यू. ए. लिटल यांनी १९६४ मध्ये केले होते. दनी जेरोम, क्लाउस बेकगार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये जाहीर केलेला पहिला कार्बनी अतिसंवाहक त्या मानाने फारच माफक होता : टीएमटीएसएफ या रेणूच्या हेक्झाफ्ल्युओरोफॉस्फेट लवणात सु. १२,००० बार दाबाखाली ०·९ के. तापमानास अतिसंवाहकता दिसली. त्याचे खरे महत्त्व वेगळेच आहे. वातावरणीय दाबास हेच लवण १२ के. खाली चुंबकीय क्रम धारण करून निरोधक बनते. दाबाने हा क्रम मोडला की, त्याच्या सीमेलगतच अतिसंवाहकता प्रकट होते.

याहून विलक्षण वर्तन बीईटीएस रेणूंच्या एका लवणात (लॅम्डा प्रकार) आढळले. त्यात रेणूंचे संवाहक थर असून थरांमध्ये लोहाचे टेट्राक्लोराइड ऋणायन असतात. प्रत्येक लोह आयनावर पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. क्षेत्र नसताना सु. ८ के. खाली हे लवण प्रति-लोहचुंबकीय क्रम धारण करून निरोधक होते. सु. १० टेस्ला क्षेत्रात ते पुन्हा धातूसारखे होते. शिन्या उजी व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये क्षेत्र थरांना समांतर ठेवून आणखी वाढविले, तेव्हा अत्यंत नीच तापमानास सु. १७ टेस्लांच्या पुढे लवण अतिसंवाहक झाले. ज्या क्षेत्राने अतिसंवाहकता मोडावी, त्यानेच ती घडविली होती. व्ही. याकारीनो व एम. पीटर यांनी १९६२ मध्येच ही शक्यता मांडली होती. लोह आयनांमुळे संवाहक इलेक्ट्रॉनांवर पडणारे अंतर्गत क्षेत्र बाह्य क्षेत्राच्या विरुद्ध असते, सु. ३३ टेस्लांस दोन्ही एकमेकांस छेद देतात व तेथेच अतिसंवाहकता सर्वांत भक्कम असते. क्षेत्र थरांपासून थोडे कलले, तरी थरांत प्रवाहांचे भोवरे निर्माण होऊन ती ढासळते. लोहाऐवजी काही अंशी अचुंबकीय गॅलियम घातले की, अतिसंवाहकतेचा पट्टा कमी क्षेत्राकडे सरकतो. त्यामुळे या स्पष्टीकरणास पुष्टी मिळाली. संपूर्ण गॅलियमयुक्त लवण तर क्षेत्राविनाच सु. ६ के. खाली अतिसंवाहक असते.

बीईटीएसच्याच कप्पा प्रकारच्या लोह-ब्रोमाइड लवणात २·५ के. खाली प्रति-लोहचुंबकीय क्रम येतो आणि तो टिकून असतानाच सु. १·१ के. खाली अतिसंवाहकताही येते.