जाजमऊचं पाणी

लखनौहून कानपूरला जाताना गंगेचा पूल ओलांडला की जाजमऊच्या टॅनऱ्या लागतात. कानपूरचा चामड्याचा धंदा १८५७ नंतर वाढला तो फौजेच्या खोगिरांवर आणि बुटांवर. म्हणजे या हिशेबात आम्ही फौजीही आलो! १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: कारखान्यात प्राथमिक शुद्धीकरण करा, नाहीतर टाळं लावा. १९९४ मध्ये डच मदतीने रोज ३ कोटी ६० लाख लिटरचा प्रकल्प आला. एक भाग टॅनरीचं पाणी, तीन भाग शहराचं सांडपाणी. जिवाणूंनी घाण खाल्ली. पण क्रोमियम पडला धातू, तो कोण खाणार? काही गाळात बसला, काही सिंचनाच्या पाण्यातून आजूबाजूच्या शेतांत उतरला. माझ्या मते तो टॅनरीच्या दारातच अडवायला हवा होता. पुढे जाजमऊ परिसरातल्या भूजलातही क्रोमियम सापडला.