नाक्याच्या अलीकडे, नाक्याच्या पलीकडे

वाचकहो, वरूडच्या बाजारात उभे राहून मुलताई, पांढुर्णा आठवून पाहा. गावे जवळचीच, १९०३ पासून १९५६ पर्यंत ती एकाच कारभाराखाली होती. आता मध्ये राज्याची सीमा आहे. पुढे वाटाही निराळ्या झाल्या. मध्यप्रदेशाने १९७६ साली जकात उठवून प्रवेशकर आणला. आपल्या नगरपालिकांची जकात मात्र १९९९ पर्यंत चालली.

जकातीची गोम अशी, की ती हद्दीच्या आत खपायला येणाऱ्या मालावर. मग काय व्हायचं? शहाणा व्यापारी गोदाम हद्दीबाहेर बांधी. शहराने दर चढवला, की शेजारच्या ग्रामपंचायतीचे फावे. दर उतरवला, की झाडलोटीला नि दिवाबत्तीला पैसा कमी. म्हणजे दोन्हीकडून शहराचीच कोंडी! १९८३ साली अमरावती व बडनेरा एका महानगरपालिकेत आली. दोघांमधली हद्द मिटली खरी. पण बाहेरची हद्द राहिलीच.

महानगरपालिकांची जकातही टप्प्याटप्प्याने गेली आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. नाके उठले, मालमोटारींचा खोळंबा संपला. हे बरेच झाले. पण एक ध्यानात घ्या. जकात वाईट होती, तरी गावाच्या हातची होती. आता त्या पैशासाठी गावाला राज्य सरकारच्या अनुदानाची वाट पाहावी लागते. शेजाऱ्याशी चढाओढ गेली, तशी हातची थैलीही गेली. म्हणून घरपट्टी भरताना कुरकुर करू नका. गावाच्या हाती उरलेला मोठा कर तोच आहे.